घेणाऱ्याचं तोंड छापायलाच हवं का?

महोदय,

कालच्या पुरवणीतला चांगुलपणावरचा पानभर लेख वाचला. निःस्वार्थ मदतीनं माणसं बदलतात, वस्त्या बदलतात, हे लेखिकेचं म्हणणं सोळा आणे मान्य. पण त्याच पानावर ते सहा फोटो कशासाठी? सगळ्यांत तेच: देणारे कॅमेऱ्याकडे बघताहेत, घेणारं पोर जमिनीकडे. एकेका दप्तराला पाच-पाच जणांचे हात लागलेत. दप्तर फारच जड असावं.

शाळेत असताना मलाही अशाच एका समारंभात स्वेटर मिळाला होता. गरज होती, खोटं कशाला बोलू? पाहुण्यांनी तो हातात ठेवला, टाळ्या पडल्या, मी वळलो, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "फ्लॅश उडाला नाही!" स्वेटर माझ्याकडून परत घेतला, घडी नीटनेटकी केली आणि पुन्हा दिला. या खेपेला सरांनी माझी हनुवटी वर केली. "हस की जरा." फोटो पेपरात नावासकट आला आणि वर्गात माझं नाव 'फ्लॅश' पडलं ते शाळा सुटेपर्यंत. स्वेटर धाकट्या भावानं वापरला.

त्याच शाळेत आमच्या एक बाई होत्या. सहलीचे पैसे कोणाचे आले, कोणाचे राहिले, हे त्या वर्गात कधी वाचून दाखवत नसत, आणि सहलीच्या गाडीत मात्र सगळी पोरं असत. बाकीचे पैसे कुठून येत, ते बाई निवृत्त झाल्यावर कारकुनाच्या तोंडून कळलं. माणूस बदलतो म्हणता ना, तो असल्या बाईंमुळे. पाहुण्यांचं नाव काही केल्या आठवत नाही, आणि ते तर मागच्या फलकावर हातभर अक्षरांत होतं.

लेखातला निकोलस विंटन यांचा दाखला वाचून तर कपाळावर हात मारला. १९३९ मध्ये नाझींच्या संकटातून ६६९ मुलं प्रागहून ब्रिटनला सुखरूप पोचवण्यात पुढाकार घेतलेला हा माणूस, १९८८ मध्ये टीव्हीवर बोभाटा होईपर्यंत जगाला ठाऊकही नव्हता. आणि त्याची गोष्ट तुम्ही छापलीत त्या फोटोंच्या मधोमध! शिवाय 'एकट्याने वाचवले' हे चूक. प्रागमधलं जोखमीचं काम डोरीन वॉरिनर, ट्रेव्हर चॅडविक यांच्यासारख्यांनी केलं, हे विंटन स्वतःच सांगत.

'फोटो बघून आणखी चार जण पुढे येतात', असा आपला खुलासा येईलच. येऊ द्यात बापडे. देणाऱ्यांचे फोटो खुशाल छापा, हवे तर रंगीत. पण चोरीच्या आरोपीला तोंड झाकायला बुरखा मिळतो, तो आपल्या पेपरात तसाच छापून येतो. दप्तर घेणाऱ्या पोराला तेवढी तरी सवलत द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. या फोटोंपायी काल शब्दकोड्याला जागा उरली नाही असं दिसतं. निदान मागच्या कोड्याची उत्तरं तरी छापा. माझा आडवा सातवा अजून अडलाय.