शनिवारचा खेळ: ‘द थिन मॅन’ (१९३४)

सभासदांनो, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता खेळ सुरू होईल, मध्यंतर नाही. खुनाचं रहस्य उलगडणारा हा विनोदी सिनेमा दीड तासाचाच आहे.

वेळेवर या. नायक, म्हणजे माजी डिटेक्टिव्ह निक चार्ल्स (विल्यम पॉवेल), पडद्यावर उशिरा येतो म्हणून सुरुवातीचा भाग सोडू नका. वायनंट हा संशोधक, त्याची मुलगी डोरोथी, घटस्फोटित बायको मिमी, सेक्रेटरी ज्युलिया, वकील मॅकॉले ही सगळी ओळख तिथेच होते. ती हुकली, तर शेवटच्या जेवणाच्या टेबलावर कोण कोणावर का उखडतंय ते कळणार नाही. आणि सिनेमाच्या नावातला ‘थिन मॅन’, म्हणजे ‘बारीक माणूस’, हा निक नव्हे, वायनंट.

प्रोजेक्टर लावणाऱ्यांसाठी: चित्र ४:३ (रुंदी ४, उंची ३) या प्रमाणावर ठेवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा बिघाड नाही. पडदा भरायला चित्र ताणलं, तर बारीक माणूसही जाडा दिसेल! ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. जेम्स वाँग हाऊ यांच्या छायाचित्रणातल्या सावल्या खोल आहेत, म्हणून ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा खोलीत पूर्ण अंधार करा. आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा आहे. सराउंड लावला की संवाद पोकळ ऐकू येतात.

सबटायटल्स चालू राहतील. पॉवेल आणि मर्ना लॉय (निकची बायको नोरा) इतक्या सहज, भराभर बोलतात की एका विनोदावर हसेपर्यंत पुढचा निसटतो. दारूची रेलचेल खटकली तर एवढं लक्षात असू द्या, की अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्येच उठली होती.

खुनी कोण, हे ग्रुपवर रविवार रात्रीपर्यंत कोणीही लिहू नये. इमोजीतूनसुद्धा नाही.