झाडीपट्टीच्या नाटकांनाही जागा द्या

महोदय,
मराठी नाटकांच्या बातम्या पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांपुढे क्वचितच सरकतात. इकडे झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, धान घरात आले की दिवाळीपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री तंबूत नाटक उभे राहते. दहाच्या सुमारास पडदा वर गेला की उजाडेपर्यंत कुणी हलत नाही. ऑर्गन आणि तबला रंगमंचालगत, पाव्हणेमंडळी घरोघरी. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा ही तर नाटक कंपन्यांची पेठच! माझी हयात या नाटकांत गेली. हल्ली मधेच घुसडलेले नाच मला खटकतात, हेही सांगून टाकतो. पण तिकीट काढून थंडीत रात्रभर बसणारा प्रेक्षक आज आणखी कुठे आहे?

झाडीपट्टीचे नाट्यकलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा चार दिवस कौतुक झाले. पुढे सामसूम. आपल्या नाट्यविषयक पानावर हंगामापुरते तरी या प्रयोगांचे वेळापत्रक द्यावे. परीक्षणही यावे, आणि ते लिहिणाऱ्याने नाटक शेवटच्या अंकापर्यंत पाहिलेले असावे.

– एक नाट्यवेडा वाचक, ब्रह्मपुरी