एकाच मापाचे चित्र सर्वांना का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातला ऑनलाइन वर्गांवरचा लेख काल संध्याकाळी पुन्हा वाचला आणि आज सकाळीच हे पत्र लिहायला बसलो. ‘नेटवर्कचे कारण पुढे करून ग्रामीण विद्यार्थी वर्ग बुडवतात’ हे त्यातले वाक्य रात्रभर टोचत राहिले. माझी नात दहावीला आहे. तिने आजवर एकही वर्ग बुडवलेला नाही. वर्गच तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तो का पोहोचत नाही हा प्रश्न लेखकाला एका ओळीपुरताही पडलेला नाही.

आम्ही अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे राहतो. घरात रेंज येत नाही, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर येते. गेल्या रविवारी सकाळी शहरातल्या एका शिकवणीचा भूमितीचा थेट वर्ग होता. वर्षाची फी जूनमध्येच भरलेली. पोर अंगावर शाल घेऊन, मांडीवर वही ठेवून बसली आणि मी शेजारी. सर दिसले, म्हणाले, “आता या दोन त्रिकोणांत...” आणि पडद्यावर चक्र फिरायला लागले. अर्ध्या मिनिटाने सर परत दिसले तेव्हा फळ्यावर निम्मी सिद्धता लिहून झाली होती. चार वाक्ये होतात न होतात तोच पुन्हा चक्र. राहिलेले नंतर भरून काढू म्हणून नातीने वहीत जागा सोडल्या. वर्ग संपल्यावर मी त्या मोजल्या, १७ निघाल्या. सर मधूनमधून विचारत होते, “सगळ्यांना नीट दिसतंय ना?” ज्यांना दिसत होते ती मुले लगेच “हो सर” लिहीत होती. नातीने “नाही सर” लिहिले, पण ते पाठवले जाईपर्यंत सर पुढच्या आकृतीवर गेले होते.

त्यानंतर तिने त्याच ओट्यावर, त्याच फोनवर यूट्यूबवर त्याच प्रमेयाचा दुसऱ्या कुणा शिक्षकाचा व्हिडिओ लावला. तो एकदाही न अडता शेवटपर्यंत चालला. चित्र पुसट होते, पण फळ्यावरचे अक्षर लागत होते. टॉवर तोच, फोन तोच, वेळही जवळपास तीच. मग दोष नेटवर्कचा कसा?

दुसऱ्या दिवशी मी शिकवणीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. त्याने सांगितले, “आजोबा, आम्ही सगळ्यांना फुल एचडी देतो, साडेचार एमबीपीएसने. तुमच्याकडे नेट कमी पडतंय. वायफाय घ्या नाहीतर फोन बदला.” दर्जा कमी करायची सोय कुठे आहे, असे विचारले, तर ती ॲपमध्ये ठेवलेलीच नाही.

मी दूरसंचार खात्यात ३० वर्षे तंत्रज्ञ होतो, त्यामुळे त्याने दिलेल्या आकड्याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट्स आणि केबीपीएस म्हणजे सेकंदाला हजार बिट्स. आमच्या ओट्यावर बऱ्या दिवशी ८०० केबीपीएस मिळतात. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यातुकड्यांनी उतरतो. साडेचार एमबीपीएसचा ६ सेकंदांचा तुकडा तेवढ्या वेगाने उतरायला ३४ सेकंद लागतात. म्हणजे ६ सेकंद सर आणि अर्धा मिनिट चक्र, अगदी आम्ही पाहिले तसे. तोच तुकडा ३०० केबीपीएसचा केला तर सव्वादोन सेकंदांत उतरतो आणि वर पुढचे तुकडे साठवायलाही वेळ उरतो. शिवाय साडेचार एमबीपीएसचा तासाभराचा वर्ग २ जीबी खातो. रोजचा दीड जीबीचा पॅक पाऊण तासात संपतो, म्हणजे रेंज चांगली असलेल्या पोरांनाही शेवटची पंधरा मिनिटे मिळायची नाहीत.

हे काही नवे कोडे नाही, म्हणून जास्त राग येतो. आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी १५ ऑगस्ट १९९५ ला खुले झाले आणि पुढची काही वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरूनच घरात येत होते. जोडणी करताना मॉडेम, म्हणजे संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणारा डबा, जो किरकिराट करायचा तो अनेक वाचकांच्या कानात अजून असेल. त्या आवाजात दोन्ही टोकांची मॉडेम ही तार किती पेलेल याची बोलणी करत असत. आमच्या एक्स्चेंजपासून बऱ्याच लांब एक डॉक्टर राहायचे. त्यांची तार जुनी, सांध्यात पावसाचे पाणी शिरायचे. उन्हाळ्यात त्यांचे मॉडेम ३३.६ केबीपीएसला जोडायचे, तर पावसाळ्यात कधी १९.२ ला, कधी १४.४ ला. हळू का होईना, त्यांचे ईमेल यायचे. आम्ही सांधा खोलून, सुकवून पुन्हा बांधायचो, ते आमचे कामच होते. पण दुरुस्ती होईपर्यंत लाइन बंद ठेवावी लागत नसे. तार खराब असेल तर वेग उतरवायचा आणि जोडणी टिकवायची, एवढी अक्कल त्या डब्याला होती.

व्हिडिओतही हे जुनेच आहे. एकाच वेळी अनेकांना चित्र पाठवायचे आणि प्रत्येकाची वाट कमीजास्त रुंद, मग पाठवणाऱ्याने वेग कोणाच्या मापाने ठरवायचा? मॅकॅन, जेकबसन आणि वेटर्ली या तीन संशोधकांनी १९९६ मध्येच यावर मार्ग मांडला होता: चित्राचे थर करा आणि किती थर घ्यायचे ते घेणाऱ्याला ठरवू द्या. आज वापरात आहे ती रीत त्याहून सोपी. एकाच व्हिडिओच्या चार-पाच प्रती वेगवेगळ्या दराने करायच्या, प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि यादी फोनला द्यायची. फोन आधीचा तुकडा किती वेळात उतरला आणि साठा किती उरला ते पाहून पुढचा तुकडा हलका घ्यायचा की जड ते ठरवतो. याच रीतीचे एचएलएस ॲपलने २००९ मध्ये आणले आणि डॅश हे तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०१२ मध्ये आले. नातीचा यूट्यूबवरचा व्हिडिओ याच रीतीने चालला. थेट प्रक्षेपणालाही हे लागू होते. फार तर चित्र काही सेकंद मागे राहील, आणि भूमितीच्या वर्गात त्याने काही बिघडत नाही.

खर्चाचे कारण सांगतील. जास्तीच्या प्रती कराव्या लागतात हे खरे. पण त्या एका वर्गासाठी एकदाच होतात, ऐकणारी मुले ५० असोत की ५ हजार. आणि हलकी प्रत पाठवायला शिकवणीचीही बँडविड्थ कमी लागते.

फळ्याचे चित्र तर बहुतांश वेळ स्थिर असते. सरांचा हात तेवढा हलतो. असे चित्र क्रिकेटच्या सामन्याच्या मानाने फार कमी बिट्समध्ये बसते. कोणत्या चित्राला किती दर लागतो ते पाहून प्रती करण्याची पद्धत नेटफ्लिक्सने २०१५ मध्येच जाहीर केली होती. आणि तेही जमत नसेल तर निदान आवाज वेगळा सोडा. बोलणे स्वच्छ ऐकू यायला ४८ केबीपीएस पुष्कळ झाले, तासाला २२ एमबीदेखील लागत नाहीत. सरांचा आवाज सलग आला असता तर नातीने आकृती पुस्तकात पाहून सिद्धता लिहिली असती. चित्र अडले की आवाजही अडतो, हे मला सर्वांत जास्त लागले.

मार्च २०२० मध्ये नेटवर्कवर ताण आला तेव्हा बड्या व्हिडिओ कंपन्यांनी आपल्या देशात मोबाइलवरचे चित्र काही आठवडे ४८०पी या हलक्या दर्जापर्यंत उतरवले होते. मनोरंजनासाठी जे ठरवून करता आले, ते शिक्षणासाठी का होत नाही? २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँडचा किमान वेग २ एमबीपीएस आहे. म्हणजे तेवढी जोडणी घेतलेल्या तालुक्याच्या गावातल्या घरातही हा साडेचारचा वर्ग चालणार नाही. ग्रामीण विद्यार्थ्यांनी कारणे सांगू नयेत, असे लिहिण्याआधी आपल्या लेखकाने एवढे तपासायला हवे होते. टॉवर वाढायला हवेत याबद्दल माझे दुमत नाही, त्यासाठी आम्ही ग्रामसभेत ठरावही केला आहे. पण टॉवर येईपर्यंत परीक्षा थांबणार नाही.

जाता जाता एक तक्रार आपल्याबद्दलही. आपल्या संकेतस्थळावर बातमी उघडली की वरचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि तोही मोठ्या दर्जाचा. बातमीचा मजकूर येण्याआधी आमचा डेटा त्यात जातो. मी दोनदा ईमेल केला, उत्तर आले नाही. वाचकाने दाबल्याशिवाय व्हिडिओ सुरू होऊ नये, एवढा बदल कृपया करावा.

शिकवणीने रविवारच्या वर्गाची ध्वनिचित्रफीत परवा पाठवली. २ जीबीची एकच फाइल आहे. ती उतरवायला मी उद्या एसटीने अकोल्याला, भाच्याच्या दुकानात जाणार आहे. १७ जागा भरायच्या आहेत आणि पुढच्या रविवारी वर्तुळ सुरू होते.

आपला,
३० वर्षांपासूनचा वर्गणीदार
ता. अकोले, जि. अहिल्यानगर