तात्या, आमचं घर चोवीस वर्षांनी लहान केल्याबद्दल

ती. तात्यांस,

सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टानेही पाठवता आलं असतं. पण चूक आम्ही चारचौघांत केली होती, तेव्हा आभारही चारचौघांतच मानतो. तुमची नात वाचून दाखवील.

आमचं घर 1865 सालचं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. पुरावा डोक्यावरच होता. कौल उलटं केलं की ठसठशीत इंग्रजी अक्षरं दिसत: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. आजोबांनी 1965 मध्ये घराची शंभरी केली, सत्यनारायण आणि गावजेवण घालून. आम्ही भावंडांनी 2015 मध्ये दीडशेवं वर्ष साजरं केलं, पुस्तिका छापली, मुखपृष्ठावर त्याच कौलाचा फोटो. फाटकावर पाटीही लावली.

यंदा मे महिन्यात तुम्ही छप्पर शाकारायला वर चढलात आणि मी खाली उभा राहून शहाणपणाने ओरडलो, "जपून हां तात्या, 1865 ची कौलं आहेत!" तुम्ही आढ्यावर बसूनच विचारलंत, "मग आमचा गोठापण तेव्हाचाच काय? त्याच्यावरही हेच साल."

मला काही सुचेना. रात्री शोधत बसलो. मंगळूरजवळ जेप्पूला नेत्रावतीच्या काठी बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने कौलांचा कारखाना काढला, तो 1865 मध्ये. ठशातलं साल कारखान्याच्या जन्माचं. पुढे कितीतरी वर्षं तोच ठसा उमटत राहिला आणि आम्ही तो आमच्या घराचा जन्मदाखला समजून बसलो! कौल त्या सालाच्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शिडीवर चढवलंत. (गुडघे अजून दुखतात.) छपराचा पश्चिमेचा पाखा, म्हणजे त्या बाजूचा उतार, दाखवलात. तिथल्या कौलांवर नाव निराळं, कॉमनवेल्थ ट्रस्टचं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते या ट्रस्टकडे गेले. म्हणजे तो पाखा युद्धानंतर बदललेला. मागच्या पडवीवर मात्र नळ्याची म्हणजे अर्धगोल कौलं, वांदरांनी नाचून दरसाल विस्कटावीत अशी. मंगलोरी कौल खालच्या बोंडाने छपराच्या लाकडी रिपेला अडकतं, शेजारच्याच्या खाचेत बसतं, म्हणून लोकांना ते आवडलं, हे तुम्ही एक कौल हातात फिरवून सांगितलंत. मी त्या घरात लहानाचा मोठा झालो आणि छपराकडे फक्त गळतंय का, एवढ्यासाठी पाहिलं होतं.

माजघरावरच्या भालाला (आडव्या तुळईला) एका बाजूला रिकामी खाच आहे. लहानपणी आम्ही तिच्यात गोट्या लपवायचो. तुम्ही तिच्यात बोट घालून म्हणालात, "हे लाकूड आधी दुसऱ्या घरात होतं." जांभ्याच्या जोत्याकडेही बोट दाखवलंत: ओटीखालचे चिरे एकसारखे तासलेले, मागच्या पडवीखालचे ओबडधोबड. मागची बाजू जुनी, पुढचं चौपाखी घर नंतरचं.

तेवढ्यावर मी पणजोबांची ट्रंक उघडली. जमाखर्चाच्या वह्या मोडीत, म्हणून आजवर कुणी हात लावला नव्हता. शेजारच्या गावातल्या निवृत्त गुरुजींनी त्या वाचून दिल्या. ‘नवे घर’ या खात्याची पहिली नोंद शके 1811, वैशाख. म्हणजे इ.स. 1889. चिरे, चुना, खिळे, वासे, मंगळूरहून गलबताने आलेल्या कौलांचा वाहतूकखर्च, आणि एका ओळीत ‘जुने घराचे लाकूड’. तुमची खाच वहीत सापडली, तात्या. त्या संवत्सराचं नावही गंमतीचं: विरोधी.

तर घराची खरी शंभरी 1989 मध्ये झाली. त्या वर्षी आम्ही सगळे मुंबईत होतो आणि घराला कुलूप होतं.

घरात थोडी कुरबुर झाली, ते लपवत नाही. एका काकांचं म्हणणं, आकडा आहे तसा राहू द्या, कोण विचारतंय? पण पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत मी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे आणि पाटी रंगवायला दिली आहे. नव्या पाटीवर 1889 येईल. मागच्या पडवीचं साल वहीतही नाही, म्हणून तिथे नुसतं ‘त्याआधीची’ असं लिहायला सांगितलं आहे.

मजुरीव्यतिरिक्त तुम्ही काही घेतलं नाहीत, उलट फुटलेल्या सात कौलांच्या जागी तुमच्या गोठ्याची सात आणून बसवलीत. त्यांचा हिशेब माझ्याकडे बाकी आहे. दिवाळीनंतर पडवीची नळ्याची कौलं उतरवायची आहेत. ती तुम्ही आल्याशिवाय कुणी हलवणार नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. शिडी मी धरीन.

तुमचा,
ओटीवरून नुसता ओरडणारा