चरसची पाकिटं मोजली, आता खलाशी पण मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किनाऱ्यावर सापडलेल्या मालाची बातमी आपल्या पेपरात आली की आमच्या बंदरावर चार दिवस दुसरा विषय नसतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्याला चरसची पाकिटं वाहून आली तेव्हा मुंबईचे पाहुणे फोन करून विचारायचे, अरे तुमच्याकडे म्हणे समुद्रातून चरस येतो, जसं काय आम्ही जाळी त्यासाठीच टाकतो. बातमीत किलो असतात, बाजारभावाने कोटी असतात, टेबलावर मांडलेला मुद्देमाल आणि मागे उभे साहेब लोक असतात. पण इथली माणसं मुळात कसली नशा करतात, कधीपासून, कोणाबरोबर, आणि सोडायची म्हटली तर जातात कुठे, यातलं काहीच त्यात नसतं. आपल्याला दोष देत नाही, कारण हे कोणी शोधून लिहून ठेवलेलंच नाहीये, तर तुम्ही छापणार कुठून.

माझं बंदराजवळ मेडिकल आहे, त्यामुळे काउंटरवर जे येतं ते बघतो. चरस, एमडी (मेफेड्रोन) वगैरे मागायला मेडिकलात कोणी येत नाही, पण डोक्यावरून पदर घेतलेली बाई गिऱ्हाईक कमी झालं की हळूच विचारते, भाऊ दारू सोडवायची गोळी आहे का, चहात घालून द्यायची, ह्यांना कळता कामा नये. ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. दारू शरीरात फुटताना मधे ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं, एरवी ते लगेच पुढे निघून जातं, ही गोळी ते अडवून ठेवते, म्हणजे वर दारू गेली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. माणसाला सांगून, तपासून, डॉक्टरच्या नजरेखाली द्यायचं औषध आहे ते. न सांगता चहातून दिलं आणि संध्याकाळी त्याने क्वार्टर मारली तर जिवावर बेतेल, म्हणून चिठ्ठीशिवाय मी देत नाही. पण ती बाई मग जाते कुठे? पेपरातल्याच छोट्या जाहिरातीतल्या पुडीकडे, नाहीतर भगताकडे.

आता बोटीवरच्या खलाशाचं घ्या. जून-जुलै मासेमारी बंद, हातात नाखवाकडून, म्हणजे बोटमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल, रोज पिणं. ऑगस्टला बोट निघाली की हा समुद्रात, आणि तिथे बाटली नाही किंवा असली तरी पुरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात लटपटायला लागतात, झोप नाही, घाम, नसलेली माणसं दिसतात, कधी फिट येते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणतो ह्याला बाहेरचं काहीतरी लागलंय. नाखवा म्हणतो कामचोर आहे, उचल घेऊन नाटकं करतोय. घरी आणला की अंगारा लावतात. डॉक्टरला मात्र बघितल्या बघितल्या कळतं की रोजची दारू एकदम तुटली म्हणून हे झालंय, आणि हे जीवघेणं असू शकतं, त्याला औषधाखाली हळूहळू उतरवायला लागतं, बी-वन व्हिटॅमिन द्यायला लागतं. पण डॉक्टरला उचलीचं गणित माहीत नसतं. माणूस बरा होऊन गेला तरी उचल फेडायला त्याच बोटीवर त्याच माणसांबरोबर जाणार, आणि पुढच्या बंदीत परत तेच. ते सांगायला अर्थशास्त्रवाला पाहिजे, समाजशास्त्रवाला पाहिजे, आणि अंगाऱ्याची चेष्टा न करता भगताशी दोन शब्द बोलू शकेल असा कोणीतरी पाहिजे, कारण पेशंट पहिला पोचतो त्याच्याकडे.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्यसनाचा अभ्यास एका खात्याने करायचा विषय नाही. हे माझं डोकं नाही, जगभर असंच चाललंय. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या शिपायांना हेरॉइनची सवय लागली होती, सरकार घाबरलं की हे सगळे परत आले की शहरं बुडणार, म्हणून ली रॉबिन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी परतलेल्यांचा माग काढला, तर तिकडे व्यसनी झालेल्यांतले बहुतेक घरी आल्यावर परत त्यात अडकलेच नाहीत. पदार्थ तोच, माणूस तोच, पण भोवतालची जागा बदलली. हे नुसतं प्रयोगशाळेत रक्त तपासून कळलं नसतं. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली, त्यात कायदा जाणणारा असतो, मानसोपचार किंवा डॉक्टरकीतला असतो, समाजसेवेतला असतो. तसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही, त्यांची दवाखान्यांची सोय वेगळी आहे, पण एका टेबलाशी तीन विषयांची माणसं बसवायची ही अक्कल घेण्यासारखी आहे.

आणि लांब कशाला, इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये भांग-गांजावर कमिशन नेमलं होतं, त्याने देशभर फिरून ११९३ साक्षीदार ऐकले, डॉक्टर, सरकारी अंमलदार, पाद्री, गांजा पिकवणारे, सगळे. वेड्यांच्या इस्पितळातली रजिस्टरं परत तपासली तर निघालं की अनेकांच्या नावापुढे वेडाचं कारण गांजा असं जे लिहिलंय ते नीट चौकशी न करताच, पोलिसांकडून आलेल्या कागदावरून उतरवलेलं आहे. सव्वाशे वर्षं उलटून गेली, आमच्याकडे अजून अपघात झाला की कारण दारू, भांडण झालं की कारण दारू, एवढं लिहून फाईल बंद.

आकडे हवेत तर २०१९ चा केंद्र सरकारचा सर्व्हे आहे, दिल्लीच्या एम्सने केलेला. देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे, आणि ज्यांना दारूचं व्यसन जडलंय त्यांच्यातल्या ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळतो. गांजा-भांग-चरस मिळून ३.१ कोटी. म्हणजे दारूवाले पाचपट, तरी नशा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पाकिट येतं. (भांग तर नार्कोटिक्सच्या व्याख्येतच बसत नाही, नुसत्या पानाला १९८५ च्या कायद्याने वगळलंय, हे होळीला किती जणांना आठवतं देव जाणे.) पण हा सर्व्हे राज्याचा आकडा देतो, हर्णै, साखरीनाटे किंवा मालवणच्या बंदराचा नाही. बागेत राखणीला आलेले नेपाळी भाऊ, लोट्याच्या कंपन्यांतले कंत्राटी कामगार, बोटींवरचे परप्रांतीय खलाशी, ही सगळी माणसं त्यात कुठे सापडणार?

मशेरी तर कोणाच्या हिशेबातच नाही. आमच्याकडे आजी, काकू, नवीन सून, सकाळी तव्यावर तंबाखू भाजून दातांना लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि कोणाला विचारलं तुम्ही तंबाखू खाता का तर म्हणतात छे, आम्ही फक्त दात घासतो. मग सर्व्हेवाला ‘नाही’ लिहून पुढच्या घरी. मुंबईतल्या गर्भवती बायकांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. बारीक चणीच्या आईच्या पोटी अडीच किलोच्या आसपासचं बाळ, त्यात १०५ ग्रॅम कमी म्हणजे काय ते कुठल्याही आशाताईला विचारा. प्रश्न कसा विचारायचा हेसुद्धा त्यांनाच माहीत, प्राध्यापकाला नाही.

शेजारच्या गोव्यात करून दाखवलंय की. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं, असा प्रयोग झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात २६ टक्के. जादू नाही, पण दहा टक्क्यांचा फरक नुसत्या बोलण्याने. खर्चाचा हिशेबही त्यांनी मांडला. बांद्याच्या पलीकडे जे जमतं ते अलीकडे का जमू नये, चेकनाक्यावर फक्त बाटल्याच का अडवायच्या?

आता आपल्याकडे रत्नागिरीला, सिंधुदुर्गात, अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, तिथे आंब्याच्या एकेका रोगावर वर्षानुवर्षं अभ्यास चालतो, तुडतुड्याचा हंगामाप्रमाणे हिशेब असतो, पण बागेत फवारणी करणारा माणूस रात्री काय पितो याचा नाही. मच्छीमार सोसायट्यांकडे बोटींच्या याद्या आहेत. आशाताईंकडे घरांच्या याद्या आहेत. पोलिसांकडे गुन्हे आहेत, एक्साइजकडे पकडलेली गावठी आणि गोव्याची दारू आहे. हे सगळं एकत्र आणून एक वर्ष, म्हणजे बंदीचे दोन महिने आणि आंब्याचा सीझन दोन्ही धरून, एका तालुक्याचा अभ्यास करायला किती पैसे लागतील? नावं गुप्त ठेवायची मात्र पक्की हमी पाहिजे, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही, कारण खरं सांगितलं तर पोलीस घरी येतील ही भीती खरी आहे. तशी नार्कोटिक्सच्या कायद्यात ६४-अ कलमाची सोय आहे, सेवनाचा किंवा थोडा माल जवळ ठेवल्याचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले तर खटल्यातून सूट मिळते, पण हे मी काउंटरवर सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

तोवर आपल्याला एक करता येईल. पुढच्या वेळी पकडलेल्या मालाची बातमी छापाल तेव्हा त्याच चौकटीत व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर छापा, १४४४६, फुकट आहे. आणि त्या चहातल्या पुडीच्या जाहिराती घेणं बंद करा, त्यातून पेपरला फार काही मिळत असेल असं वाटत नाही.

आपला,
एक मेडिकलवाला, ता. दापोली