काळी चकती आणि पोहणारे जिवाणू

संपादक महोदय,

मी सोलापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कंडेन्सरखाली, म्हणजे थेंबावर खालून उजेड एकवटणाऱ्या भिंगाखाली, काळ्या कागदाची गोल चकती बसवली. मधला उजेड अडला, कडेचा तेवढा तिरपा आत आला आणि काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके चमकू लागले. काही जागच्या जागी थरथरत होते. ते पाण्याच्या रेणूंचे धक्के. काही मात्र सरळ सुटायचे, अडखळायचे, दिशा बदलून पुन्हा निघायचे. ते पोहणारे जिवाणू! एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी भिंगापासून हलेना.

ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, लांब, तरी सेकंदात स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापतो. त्याचे शेपटीसारखे तंतू वळवळत नाहीत, मोटारीसारखे गरगर फिरतात, सेकंदाला १०० च्या आसपास फेरे! हे बर्ग आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडले. पुढे १९८७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्थर ॲश्किन यांनी लेझरच्या चिमट्यात, म्हणजे एकवटलेल्या लेझर किरणात, जिवंत जिवाणू पकडून दाखवले. २०१८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

लेझर शाळांना परवडणार नाही, पण चकतीला खर्च तो काय? मी पाहिलेल्या एका शाळेत कपाटातल्या सूक्ष्मदर्शकांवरची प्लॅस्टिकची पिशवीही निघालेली नव्हती. मुख्याध्यापकांनी ती कपाटे उघडावीत आणि आपल्या विज्ञान केंद्रानेही सुट्टीच्या दिवशी मुलांना असा थेंब दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका, सोलापूर