स्पर्धेला निघण्यापूर्वी

सांगली

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेच्या सराव फेरीचे जे ध्वनिमुद्रण तू पाठवलेस, ते मी आणि तुझ्या आईने ऐकले. पूररेषेतील घरांना नुकसानभरपाई देणे शासनाने बंद करावे, असा ठराव होता आणि तुमच्या वाट्याला सरकारपक्ष, म्हणजे ठरावाच्या बाजूने बोलणारा पक्ष, आला होता. त्यावर रविवारी मी जे बोललो, ते ऐकून तू फोन ठेवलास. बाजू सोडतीने मिळते, ती निवडता येत नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. तरीही लिहितो, कारण फोनवर माझे वाक्य पुरे होण्याआधीच तुझे उत्तर तयार असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातील घरातून आजीला नावेतून बाहेर काढले, तेव्हा तिच्या औषधांची पिशवी तूच छातीशी धरली होतीस. पुढे हाती आलेल्या भरपाईतूनच माजघराला गिलावा झाला. ध्वनिमुद्रणात सात मिनिटे तू इतक्या सफाईने बोललीस की क्षणभर मलाही पटले आणि त्याचीच मला भीती वाटली. आजीला ते ऐकवलेले नाही.

हा विषय इथेच संपवतो.

तुमच्या स्पर्धेची रीत मी आता समजून घेतली आहे. दोघांचा एक असे चार संघ, दोन सरकारपक्षाचे आणि दोन विरोधी; ठराव कळल्यापासून पंधरा मिनिटांत, इंटरनेटशिवाय, फक्त जोडीदाराशी बोलून तयारी करायची; आणि आपल्याच बाजूच्या दुसऱ्या संघालाही मागे टाकायचे, पण त्याला खोडून न काढता. हे शेवटचे मला फार अवघड वाटते. आमच्या वेळी वक्तृत्वाचा विषय महिनाभर आधी मिळे, गुरुजी भाषण लिहून देत आणि कोणत्या वाक्याला हात वर करायचा हेही ठरलेले असे. चौथीत तुला मीच तसे पाठ करून दिले होते. मध्येच विसरलीस, थांबलीस आणि मग आपल्याच शब्दांत पुढे बोलत राहिलीस. बक्षीस मिळाले नाही, पण तुझी आई आजही सांगते ती तेवढीच गोष्ट. १९८१ साली ग्लासगोला सुरू झालेली आणि २०१४ साली चेन्नईत भरलेली विद्यापीठांची ही जागतिक वादविवाद स्पर्धा, तिथे आमची सई बोलणार, हे आमराईत फिरायला येणाऱ्या सर्वांना माझ्याकडून एकदा तरी ऐकावे लागले आहे.

भाषणाच्या मधल्या पाच मिनिटांत प्रतिस्पर्धी प्रश्नासाठी उभे राहतील, त्यांतला एखादा तरी घे. इंग्रजी भरभर बोललीस म्हणजे चांगले बोललीस, असे समजू नकोस. परीक्षकांनी स्वतःचे मत बाजूला ठेवून निर्णय द्यायचा असतो, असे तूच सांगितलेस. त्यांचे मत फेरी संपली की त्यांच्याकडे परत येत असेल, पण विशीतल्या मुलीने वर्षभर रोज वेगळ्या बाजूने बोलावे आणि तिचे मत जागच्या जागी राहावे, हे कसे साधते? माणसाला एखादी गोष्ट पटलेली असणे आणि ती मांडता येणे यांत अंतर असते आणि ते अंतर ओळखत राहणे हेच खरे... असो. पुन्हा व्याख्यान झाले, राग मानू नकोस. दुसऱ्या बाजूने विचार करता येणे किती मोलाचे आहे, हे जन्मभर एकाच बाजूने बोललेल्या आमच्या घरात कोणी सांगावे! तुझ्या थोरल्या काकांना ते साधले असते, तर वाटणीच्या वेळी इतके ताणले गेले नसते.

आईने मेतकूट आणि भडंग वेगवेगळे बांधले आहे. पारपत्राच्या दोन प्रती काढून एक जोडीदाराजवळ दे.

नऊ फेऱ्यांपैकी शेवटच्या तिन्हींचा निकाल लगेच सांगत नाहीत, असे कळले. त्या रात्री तुला झोप येणार नाही, म्हणून कितीही वाजलेले असोत, फोन कर. निकालाचे मी विचारणार नाही. त्या दिवशी कोणती बाजू वाट्याला आली होती, एवढे सांग. आणि तुझी स्वतःची कोणती, तेही.

तुझे,
बाबा